वाचकांचे प्रश्न : पाच अक्षरांचे इंग्रजी शब्द

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरत होती. ठरावीक लांबीचा इंग्रजी शब्द हवा, त्यात अमुक अक्षरे असावीत किंवा नसावीत, आणि तो कसा शोधावा, हा तो विषय. त्यातली निवडक पत्रे एकत्र घेऊन या अंकात उत्तरे देत आहे. उत्तरांत इंग्रजी अक्षरे त्यांच्या नावांनीच लिहिली आहेत, त्यामुळे 'ए' म्हणजे वर्णमालेतले पहिले अक्षर, 'ई' म्हणजे पाचवे आणि 'आय' म्हणजे नववे, एवढे वाचताना ध्यानात ठेवावे.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे आणि रोज मोबाइलवर वर्डल खेळते. ए, ई आणि आर ही तिन्ही अक्षरे असलेल्या पाच अक्षरी शब्दांची संपूर्ण यादी आपण छापावी, म्हणजे तिच्याकडून ती पाठ करून घेता येईल. (एक पालक, सांगली)

उत्तर : यादी छापणे अवघड नाही, परंतु ती पाठ करून घेऊ नये अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. तसे का म्हणते, ते सविस्तर सांगते.

वर्डल, म्हणजे रोज एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखण्याचा खेळ, जॉश वॉर्डल या संगणक-अभियंत्याने आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी तयार केला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबर २०२१ रोजी तो अवघे ९० जण खेळत होते आणि २ जानेवारी २०२२ रोजी ही संख्या तीन लाखांवर गेली होती. त्याच महिन्याच्या अखेरीस द न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. इंग्रजीत पाच अक्षरांचे सुमारे बारा-तेरा हजार शब्द आहेत आणि त्यांतले बहुतेक सामान्य माणसाने कधी ऐकलेलेही नसतात. पलक शाह यांनी ही सगळी यादी डोळ्यांखालून घालून माणसाला ओळखीचे वाटतील असे सुमारे अडीच हजार शब्द वेगळे काढले आणि रोजचे उत्तर त्यांतूनच निघेल अशी व्यवस्था झाली. म्हणजे आपल्या मुलीला रोज जो शब्द शोधायचा असतो, तो आधी एका माणसाने 'हा मला माहीत आहे' असे म्हणून निवडलेला असतो. त्यामुळे पाठांतरापेक्षा वाचनातून झालेली ओळख तिला जास्त उपयोगी पडेल.

आता ए, ई आणि आर यांच्याकडे वळू. आपण नेमकी हीच तीन अक्षरे विचारलीत, हे विशेष आहे, कारण उत्तरांच्या मूळ २,३१५ शब्दांच्या यादीत सर्वाधिक शब्दांत येणारी अक्षरे क्रमाने हीच आहेत. ई एक हजाराहून अधिक शब्दांत येते, ए नऊशेहून अधिक आणि आर आठशेहून अधिक. ही तिन्ही एकत्र आलेले शब्द नुसते एकाखाली एक लिहिले, तर तो ढीग होतो. त्यांना त्यांच्या घडणीप्रमाणे वेगळे केले, तर तीन मोठी घराणी दिसतात.

पहिल्या घराण्यात सुरुवातीला जोडाक्षरासारखी दोन व्यंजने, मध्ये ए आणि शेवटी न उच्चारला जाणारा ई असतो : क्रेन, ग्रेस, ट्रेड, ब्रेव्ह, ग्रेप, फ्रेम. हा शेवटचा ई पूर्वी उच्चारला जात असे. चौदाव्या शतकाच्या आसपास तो बोलण्यातून गळत गेला, पण आधीच्या स्वराला लांबवण्याचे काम तो आजही करतो. दुसऱ्या घराण्यात शेवटी ई-आर असते : वॉटर, पेपर, केटर. तिसऱ्या घराण्यात ई आणि ए शेजारी शेजारी बसतात, आणि आपल्याकडच्या मुलांची सर्वांत जास्त गफलत होते ती इथेच. ग्रेट, ड्रीम, ब्रेड, हार्ट, लर्न हे पाच शब्द घ्या. पाचांतही ई-ए ही जोडी आहे, पाचांतही आर आहे, आणि पाचही ठिकाणी त्या जोडीचा उच्चार वेगळा आहे. मराठी मुलाचा कान 'जसे ऐकू येते तसे लिहावे' या सवयीत वाढलेला असतो, त्यामुळे 'हार्ट' ऐकल्यावर त्याला त्यात ई असेल अशी शंकाही येत नाही. हे शब्द ऐकून आठवत नाहीत, ते पाहिलेले असावे लागतात.

या माहितीचा उपयोग कसा होतो, ते एका उदाहरणातून दाखवते. समजा, मुलीने पहिला शब्द सी-आर-ए-एन-ई, म्हणजे क्रेन, असा दिला. उत्तरात ए तिसऱ्याच जागी असल्याचे हिरव्या रंगाने कळले, आर आणि ई शब्दात आहेत पण दिलेल्या जागी नाहीत असे पिवळ्याने कळले, आणि सी व एन नाहीत हे करड्या रंगाने कळले. ई शेवटी नाही, म्हणजे पहिले घराणे बाद झाले. ए मध्यभागी आहे, म्हणजे शेवटी ई-आर आले तर शब्द ए-ई-आर असा संपेल, आणि तसा ओळखीचा शब्द नाही, म्हणून दुसरेही बाद झाले. उरले तिसरे, ज्यात ई दुसऱ्या जागी आणि ए तिसऱ्या जागी असेल. आर पहिला असेल किंवा चौथा. आता वहीत उभ्या दोन ओळी कराव्यात. एका ओळीत रेडी, रेल्म, रिआर्म आणि दुसऱ्या ओळीत हार्ट, हर्ड ('ऐकले' या अर्थाचा), पर्ल, बिअर्ड, विअरी, टिअरी. हजारो शब्दांतून एका चालीत नऊ शब्द उरले, आणि एकही यादी पाठ करावी लागली नाही.

सुरुवातीचा सर्वोत्तम शब्द कोणता, असे आपली मुलगी लवकरच विचारेल. मूळ यादी धरून संगणकाने काढलेले उत्तर एस-ए-एल-ई-टी, म्हणजे सॅलेट, असे आहे. ते युरोपातील मध्ययुगीन शिरस्त्राणाचे नाव आहे. या शब्दापासून अचूक खेळत गेल्यास सरासरी ३.४२१ प्रयत्नांत उत्तर मिळते, असे गणिताने दाखवले गेले आहे. पण प्रत्येक पुढची चाल संगणकासारखी खेळली तरच ही सरासरी लागू पडते. मुलीला क्रेन, ट्रेस, स्टेअर यांपैकी जो शब्द आवडेल त्यावर तिने स्थिर राहावे, म्हणजे त्यानंतरच्या शक्यता तिच्या हाताखालच्या होतील.

प्रश्न : सलग १२० दिवस उत्तर बरोबर आल्यानंतर माझी साखळी तुटली. आय-जी-एच-टी ही शेवटची चारही अक्षरे दुसऱ्याच प्रयत्नात हिरवी झाली होती, तरी पुढच्या चार प्रयत्नांत शब्द सापडला नाही. माझे काय चुकले? (एक गृहिणी, ठाणे)

उत्तर : आपली हळहळ समजते. चार अक्षरे लवकर मिळाली, आणि अडचण त्यातूनच उभी राहिली. आय-जी-एच-टी ने संपणारे नेहमीचे पाच अक्षरी शब्द आठ आहेत : फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट आणि एट. आपण एकेक शब्द देत गेलात, म्हणजे प्रत्येक चालीने एकच शक्यता तपासली गेली. आठ शक्यता आणि चार प्रयत्न, म्हणजे यश येण्याची शक्यता निम्मी होती.

अशा वेळी उत्तर देण्याचा मोह बाजूला ठेवून तपासणीसाठी एक चाल खर्च करावी लागते. एफ-आय-एल-एम-एस, म्हणजे फिल्म्स, हा शब्द द्यावा. तो उत्तर असूच शकत नाही, पण त्यात एफ, एल, एम आणि एस एकदम तपासले जातात. त्यांपैकी एकाला रंग आला, तर शब्द मिळालाच. कोणालाच आला नाही, तर नाइट, राइट, टाइट आणि एट उरतात. मग आय-एन-एन-ई-आर, म्हणजे इनर, द्यावा. एनला रंग आला तर नाइट, आरला आला तर राइट, ईला आला तर एट, आणि तिघांनाही नाही आला तर टाइट. आठ शब्दांचा निकाल दोन चालींत लागतो, तिसऱ्या चालीत उत्तर लिहिता येते आणि एक प्रयत्न शिल्लक राहतो. खेळातील कठीण प्रकार निवडलेला असेल, तर मात्र हा मार्ग बंद होतो, कारण तिथे हिरवी अक्षरे पुढच्या प्रत्येक शब्दात तिथेच ठेवावी लागतात. मॅच, कॅच, वॉच, पॅच यांचा ए-टी-सी-एच हा शेवट आणि साउंड, राउंड, पाउंड यांचा ओ-यू-एन-डी हा शेवटही असाच अडकवतो.

आपण विचारलेले नाही, तरी या जी-एच बद्दल थोडे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तो आज मुका आहे, पण एके काळी त्या जागी घशातून घासून येणारा, आपल्या 'ख'च्या जवळचा आवाज होता. जर्मनमध्ये रात्रीला 'नाख्ट' म्हणतात आणि स्कॉटलंडच्या जुन्या बोलीत 'निख्ट', तो हाच. इंग्लंडमध्ये १४७६ साली कॅक्स्टनने छापखाना आणला आणि स्पेलिंग हळूहळू ठरून गेले. पुढे बोलण्यातून तो आवाज नाहीसा झाला, छापलेली अक्षरे मात्र तशीच राहिली. आणखी मागे गेले तर ही वाट आपल्या घरापर्यंत येते. नाइट आणि संस्कृतातील 'नक्त' यांचे मूळ एकच आहे, आणि दिवसभर उपास करून रात्री जेवण्याच्या व्रताला आपण आजही नक्त म्हणतो. एट आणि 'अष्ट' यांचेही तसेच, म्हणजे 'अष्ट'मधला 'ष' आणि एटमधला मुका जी-एच हे एकाच मूळ व्यंजनाचे दोन वंशज आहेत.

प्रश्न : क्यू या अक्षरानंतर यू नसलेले पाच अक्षरी शब्द इंग्रजीत आहेत का? आमच्या वर्गात यावरून वाद झाला. शिक्षकांच्या मते असा शब्द असूच शकत नाही. (महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

उत्तर : असे शब्द आहेत आणि त्यांतले काही आपण लहानपणापासून मराठीत वापरत आला आहात. एफ-ए-क्यू-आय-आर म्हणजे फकीर, टी-ए-एल-ए-क्यू म्हणजे तलाक, एन-आय-क्यू-ए-बी म्हणजे नकाब. क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे कनात हा आणखी एक, पण तो आपल्या तंबूच्या कनातीहून वेगळा आहे. इराणच्या कोरड्या प्रदेशात डोंगरातले पाणी शेतापर्यंत आणणाऱ्या भूमिगत कालव्याला कनात म्हणतात. हे चारही शब्द स्क्रॅबलच्या अधिकृत शब्दसंग्रहांत ग्राह्य आहेत.

आपल्या शिक्षकांचे म्हणणेही निराधार नाही, कारण अस्सल इंग्रजी आणि लॅटिन-फ्रेंच वळणाच्या शब्दांत क्यूमागोमाग यू येतोच. जुन्या इंग्रजीत मात्र ही जोडी नव्हती. राणीसाठी आजचा क्वीन हा शब्द तेव्हा सी-डब्ल्यू-ई-एन असा लिहीत आणि क्विक हा सी-डब्ल्यू-आय-सी असा. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर लेखनिक फ्रेंच वळणाचे आले, आणि त्यांनी सी-डब्ल्यूच्या जागी आपल्या सवयीचे क्यू-यू लिहायला सुरुवात केली. त्यामुळे क्वीन, क्विक, क्वेक हे शब्द अस्सल इंग्रजी असूनही परक्या पोशाखात दिसतात.

यू नसलेले शब्द दुसऱ्या वाटेने आले आहेत. अरबीत 'काफ' नावाचे अक्षर आहे. त्याचा उच्चार आपल्या 'क'पेक्षा घशात खूप मागे होतो आणि हिंदी-उर्दूत तो दाखवायचा झाल्यास 'क'खाली नुक्ता देतात. तोच रोमन लिपीत लिहिण्यासाठी विद्वानांनी मोकळा क्यू वापरला. मराठीने नुक्ता स्वीकारला नाही, म्हणून आपला फकीर साध्या 'क'चा राहिला. त्याच शब्दाचे इंग्रजीत के असलेले स्पेलिंगही रूढ आहे, ते या साध्या उच्चाराला जवळचे.

स्क्रॅबलचा उल्लेख आला म्हणून सांगते, त्या खेळाच्या शंभर सोंगट्यांत क्यू एकच असतो आणि त्याला १० गुण असतात, तर ई बारा असतात आणि प्रत्येकीला एकच गुण. हा खेळ रचणारे अमेरिकी वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरे मोजून हे प्रमाण बसवले होते. एवढे कष्ट घेऊन मोजणारा माणूस मला फार जवळचा वाटतो.

प्रश्न : ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही स्वर नसलेला पाच अक्षरी शब्द शब्दकोड्यात आला होता. असे किती शब्द असतात? (निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक)

उत्तर : वाटतात त्यापेक्षा बरेच आहेत, परंतु जवळजवळ सगळ्यांत वाय असतो आणि स्वराचे काम तोच करतो. निम्फ, लिम्फ, क्रिप्ट, ट्रिस्ट, पिग्मी, ग्लिफ, सिल्फ हे नेहमीचे. शाय, स्लाय, ड्राय यांना एल-वाय लावून होणारी क्रियाविशेषणे पाच अक्षरांचीच होतात आणि त्यांत वाय दोनदा येतो.

यांतले अनेक शब्द ग्रीकमधून आले आहेत, हा योगायोग नव्हे. वाय हे अक्षरच रोमनांनी ग्रीक अप्सिलॉन लिहिण्यासाठी घेतले होते, आणि फ्रेंचमध्ये आजही त्याचे नाव 'इग्रेक', म्हणजे ग्रीक आय, असे आहे. त्यामुळे शब्दाच्या पोटात वाय दिसला आणि जवळ पी-एच किंवा सी-एच असले, तर तो शब्द बहुधा ग्रीकमधून आलेला असतो.

या गटातला माझा सर्वांत आवडता शब्द एम-वाय-आर-आर-एच हा आहे. उच्चार केवळ 'मर', आणि लिहायला पाच अक्षरे, त्यांत दोन आर आणि एक मुका एच. अर्थ म्हणजे आपला हिराबोळ. बाळंतिणीच्या औषधांत आई ज्या लालसर-तपकिरी खड्याचा बारीकसा तुकडा मोजून काढायची आणि ज्याच्या कडूपणाने तोंड वाकडे व्हायचे, तोच हा डिंक. पुढच्या वेळी शब्दकोड्यात 'सुगंधी डिंक' अशी खूण आली आणि पाच घरे असली, तर आपण थांबू नये.

वायसुद्धा नसलेला शब्द हवा असेल, तर वेल्श भाषेकडे जावे लागते. तिथे डब्ल्यू हा 'ऊ'सारखा स्वर आहे. सी-आर-डब्ल्यू-टी-एच, म्हणजे क्रूथ, हे वेल्समधले गजाने वाजवायचे जुने तंतुवाद्य आहे आणि मोठ्या इंग्रजी कोशांत हा शब्द सापडतो. एव्हरेस्टच्या वाटेवरील हिमदरीचे नाव वेस्टर्न कूम असे आहे, त्यातला कूमही वेल्शच, आणि त्याचे स्पेलिंग सी-डब्ल्यू-एम एवढेच. ते नाव १९२१ सालच्या मोहिमेत जॉर्ज मॅलरी यांनी दिले.

प्रश्न : ह्यूमर हा शब्द पाच अक्षरांचा कसा? आम्हाला शाळेत सहा अक्षरी शिकवला होता. (मराठी वाचक, लंडन)

उत्तर : आपल्याला शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकवले गेले आणि वर्डल अमेरिकी स्पेलिंग मानतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये ह्यूमर हे उत्तर आले, तेव्हा ब्रिटनमधील अनेक खेळाडूंनी आपल्यासारखीच नाराजी व्यक्त केली होती. ओ-यू-आरच्या जागी नुसते ओ-आर लिहिल्याने कलर, फेवर, ऑनर, लेबर, रूमर हे सगळे अमेरिकेत पाच अक्षरी होतात. मीटर, लिटर, फायबर यांची गोष्ट निराळी आहे, कारण त्यांची लांबी दोन्हीकडे पाचच राहते आणि शेवटच्या आर व ई यांची केवळ अदलाबदल होते. महाराष्ट्रात शिकलेल्या खेळाडूने ही दोन वळणे शेजारी लिहून ठेवावीत.

प्रश्न : अनेकवचनाचा एस लावून केलेला शब्द उत्तर असतो का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : चार अक्षरी नामाला एस लावून केलेला शब्द प्रयत्न म्हणून चालतो, उत्तर म्हणून येत नाही. त्यामुळे एस हे अक्षर मूळ यादीत साडेतीनशेहून अधिक शब्दांच्या सुरुवातीला येते, पण शेवटी फारच थोड्या वेळा. ग्रास, क्लास, बोनस, फोकस असे मुळातच एसने संपणारे शब्द मात्र येऊ शकतात.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला इंग्रजी शिकवतो. शाळेत इंटरनेट नाही. मुलांना 'पाच अक्षरी शब्द सांगा' म्हटले की ती चुकतात. एक मुलगा 'रेडिओ' तीन अक्षरी असल्याचे सांगून ठाम राहिला. यावर उपाय सुचवावा. (शिक्षक, लातूर जिल्हा)

उत्तर : सर, तो मुलगा चुकलेला नाही, असे मी आधी म्हणेन. मराठीत रे, डि, ओ ही तीनच अक्षरे आहेत. आपले अक्षर म्हणजे व्यंजन आणि स्वर मिळून झालेला एक पूर्ण ध्वनिगट. इंग्रजीचे लेटर म्हणजे कागदावरची एक खूण. दोन्हींना आपण 'अक्षर' हाच शब्द वापरतो आणि गोंधळ तिथे सुरू होतो. क्यू-यू-ई-यू-ई या शब्दात पाच लेटर आहेत, त्यांत चार स्वर आहेत, आणि मराठीत त्याचे एकच अक्षर होते : क्यू. उलट 'ज्योत्स्ना' हे आपल्या मोजणीने दोनच अक्षरांचे नाव रोमन लिपीत सात लेटर घेते.

मी शिकवत असे, तेव्हा हा फरक मुलांच्या नावांवरूनच दाखवत असे. फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात नाव देवनागरीत लिहून अक्षरे मोजावीत, दुसऱ्यात तेच रोमनमध्ये लिहून लेटर मोजावीत. कमल तीन आणि पाच, अशोक तीन आणि पाच, स्मिता दोन आणि पाच, मीना दोन ई लिहिले तर दोन आणि पाच, एक आय लिहिला तर दोन आणि चार. 'मीना'पाशी वर्गात चर्चा सुरू होते आणि स्पेलिंग म्हणजे लोकांनी ठरवलेली गोष्ट आहे, हे मुलांना कोणी न सांगता उमगते. आपल्या वृत्तपत्रांतील शब्दकोड्यांत एका चौकोनात एक अक्षर, जोडाक्षर असले तरी एकच, असा संकेत आहे. तो दाखवून मग इंग्रजी कोड्यातला चौकोन दाखवावा.

इंटरनेटविना खेळता येतील असे दोन खेळ सुचवते. पहिला एकोणिसाव्या शतकातला. ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणारे आणि लुईस कॅरल या नावाने लिहिणारे लेखक, यांनी १८७७ च्या नाताळात कंटाळलेल्या दोन मुलींसाठी तो रचला. एका शब्दातले एकच अक्षर दर वेळी बदलायचे, प्रत्येक पायरीवर खरा शब्द यायला हवा, आणि ठरवलेल्या शब्दापर्यंत पोचायचे. त्यांचे प्रसिद्ध उदाहरण चार अक्षरांचे आहे : हेड, हील, टील, टेल, टॉल, टेल. यातला पहिला टेल 'सांगणे' या अर्थाचा आणि शेवटचा 'शेपूट' या अर्थाचा, म्हणजे डोक्यापासून शेपटापर्यंत पाच पायऱ्यांत. पाच अक्षरांसाठी आपल्या वर्गाला हा जिना द्यावा : स्टोन, स्टोअर, स्टेअर, शेअर, शार्प. दगडापासून धारेपर्यंत चार पायऱ्या होतात.

काही शब्दांपासून मात्र कुठेच जाता येत नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी पाच अक्षरी ५,७५७ शब्द गोळा करून असे सगळे जिने तपासले, तेव्हा ६७१ शब्दांना एकही शेजारी सापडला नाही. अलिप्त या अर्थाचा ए-एल-ओ-ओ-एफ, म्हणजे अलूफ, हा शब्दच त्या अलिप्तांत होता. वर्गातली हुशार मुले लवकर मोकळी होतात, त्यांना शेजारी नसलेला शब्द शोधायला सांगावे.

दुसरा खेळ जॉटो. अमेरिकेत तो १९५५ पासून खेळला जातो. दोघांनी एकेक पाच अक्षरी शब्द मनात धरून वहीच्या कोपऱ्यात लिहावा आणि पान दुमडावे. मग आळीपाळीने शब्द विचारावा. समोरच्याने आपल्या शब्दाशी किती लेटर जुळतात एवढीच संख्या सांगावी, कोणती जुळतात ते सांगू नये. एका मुलाने 'वॉटर' विचारले आणि उत्तर 'तीन' आले, तर डब्ल्यू-ए-टी-ई-आर यांतली कोणती तीन, हे त्याने पुढच्या शब्दांतून काढायचे. त्यासाठी वहीच्या डाव्या बाजूला ए पासून झेड पर्यंत सव्वीस अक्षरे उभी लिहून घ्यावीत, नसल्याची खात्री झालेल्या अक्षरावर काट मारावी आणि असल्याची खात्री झालेल्याभोवती गोल करावा. पहिल्या दिवशी एक डाव संपायला पूर्ण तास लागेल, तो लागू द्यावा. सुरुवातीला दोन-दोन मुलांची जोडी एका बाजूला बसवावी, म्हणजे काट मारण्यापूर्वी ती एकमेकांना कारण विचारतील. आणि तो रेडिओवाला मुलगा ज्या जोडीत असेल, तिला पहिला शब्द आर-ए-डी-आय-ओ हाच द्यावा. पाचांपैकी तीन स्वर एका चालीत तपासले जातात, सुरुवात करायला तो फार चांगला शब्द आहे.